तत्त्वज्ञानात पीएचडीच्या आधी एमए : सोलापूरकर नेहमी विचारतात ते प्रश्न

बीएचे निकाल लागले की माझा फोन वाजायला लागतो. "मॅडम, तत्त्वज्ञानात डॉक्टरेट करायचीय, पण आधी एमए करावंच लागतं का?" कोणी सात रस्त्यावर गाठून विचारतं, कोणी लग्नाच्या पंगतीत. मी सोलापूरचीच, एमए आणि पीएचडी दोन्ही तत्त्वज्ञानात केलेली. तीच ती उत्तरं शंभरदा देऊन झाली, म्हणून आता एकदाची लिहून ठेवते. सोपे प्रश्न आधी, किचकट नंतर. एका उत्तरातली गोष्ट दुसऱ्यात लागली तर तिथे फक्त क्रमांक दिला आहे.

१. पीएचडीसाठी एमए लागतंच का? थेट बीएवरून नाही का जमत?

नियमाने जमतं, पण अट कडक आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०२२ चे पीएचडी नियम सांगतात : तीन वर्षांची पदवी असेल तर वर दोन वर्षांची एमए, चार वर्षांची पदवी असेल तर वर एक वर्षाची एमए, आणि त्यात किमान ५५ टक्के. एमए न करता थेट जायचं तर चार वर्षांची पदवी हवी आणि तिच्यात ७५ टक्के. तीन वर्षांच्या बीएवरून थेट रस्ता नाही.

चार वर्षांत ७५ टक्के मिळवलेल्यांनाही मी एमए कराच म्हणते. पीएचडीला तुम्हाला कोणी शिकवत नाही. कोर्सवर्कचे काही महिने सोडले तर तुम्ही, टेबल आणि पुस्तकांची चळत. कठीण मजकूर कसा वाचायचा, आक्षेप कसा घ्यायचा, स्वतःचं म्हणणं पाच पानांत कसं मांडायचं, हे शिकायची शेवटची जागा एमए. विटगेन्स्टाइनने आधीच छापून झालेलं पुस्तक १९२९ साली केंब्रिजमध्ये प्रबंध म्हणून दिलं आणि डॉक्टरेट घेतली, हे खरं आहे. तुमचंही तसं पुस्तक तयार असेल तर हे पान इथेच बंद करा.

२. एमए तत्त्वज्ञानात शिकवतात तरी काय? म्हणजे अध्यात्मच ना?

नाही. हा गैरसमज घेऊन आलेली मुलं पहिल्या सत्रातच गळतात. भारतीय दर्शनं असतात, पण तिथे जास्त वेळ प्रमाणं (ज्ञानाची साधनं), अनुमान, आत्मा आहे की नाही यावरच्या वादात जातो. पाश्चात्त्य बाजूला प्लेटो-अॅरिस्टॉटलपासून देकार्त, ह्यूम, कांट आणि पुढे विसावं शतक. नीतिशास्त्र असतं. प्रतीकात्मक तर्कशास्त्र असतं, आणि ते गणितासारखं रोज सोडवावं लागतं. 'गणित नको म्हणून आर्ट्स घेतलं' असं म्हणणाऱ्यांनी हे आधीच ऐकून ठेवावं.

नव्या शैक्षणिक धोरणाच्या आराखड्यात संशोधनपद्धतीचा पेपर, प्रत्यक्ष कामाचा अनुभव किंवा क्षेत्रप्रकल्प आणि दुसऱ्या वर्षी संशोधन प्रकल्पही आला आहे. हा शेवटचा प्रकल्प पीएचडीची रंगीत तालीम आहे, तो कॉपी-पेस्ट करून उरकू नका (प्रश्न ९).

३. माझं बीकॉम झालंय. मित्राचं इंजिनिअरिंग. आम्हाला एमएला घेतील का?

बऱ्याच विद्यापीठांत कोणत्याही शाखेच्या पदवीधराला एमए तत्त्वज्ञानाला प्रवेश मिळतो, काही ठिकाणी प्रवेश परीक्षा असते. इग्नू या मुक्त विद्यापीठालाही कोणतीही पदवी चालते. इंजिनिअरिंगची मुलं तर्कशास्त्रात पुढे आणि निबंधात मागे असतात, बीए मराठी-संस्कृतवाली नेमकी उलट. पहिल्या सत्रात दोघांचीही दमछाक होते, तिसऱ्यात कोण कुठून आलं ते कळतही नाही.

४. सोलापुरात राहूनच करता येईल का? पुण्याला राहायचा खर्च झेपणार नाही.

दरवर्षी मे-जूनमध्ये केगावला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाचं प्रवेशपत्रक बघा. त्या वर्षी कोणत्या विभागात आणि कोणत्या संलग्न महाविद्यालयात कोणता विषय आहे, हे त्यातच पक्कं कळतं. 'अमक्या कॉलेजात असतं म्हणे' यावर जाऊ नका. विषय कागदावर असतो, विद्यार्थी नसतात म्हणून तुकडी सुरू होत नाही, असंही घडतं. अर्ज भरायच्या आधी विभागात जाऊन एकच प्रश्न विचारा : गेल्या वर्षी वर्ग किती मुलांचा भरला?

गाव सोडायची तयारी असेल तर पुण्यात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा जुना, नावाजलेला तत्त्वज्ञान विभाग आहे. मुंबई विद्यापीठात आहे. हैदराबाद विद्यापीठातही आहे. तिथे सीयूईटी-पीजी ही सामायिक प्रवेश परीक्षा द्यावी लागते आणि सगळं इंग्रजीत चालतं, पण सोलापूरहून हैदराबाद काही परमुलूख नाही, शहराच्या तेलुगूभाषक पूर्वभागातल्या निम्म्या घरांचे पाहुणे तिकडेच आहेत. सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला जाऊन रात्री परत यायचं, असा बेत दरवर्षी कोणीतरी आखतं. आठवड्यातून एकदा ग्रंथालयासाठी ठीक आहे. रोज आठ तास गाडीत बसून कांट वाचून होत नाही, मी करून बघितलंय.

५. इग्नूची दूरस्थ एमए पीएचडीला चालते का? की लोक नाक मुरडतात?

चालते. आयोगाच्या दूरस्थ शिक्षण ब्युरोची त्या वर्षासाठी मान्यता असलेल्या अभ्यासक्रमाची पदवी नियमित पदवीच्या बरोबरीने धरली जाते. मुलाखतीत एखादा सदस्य नाक मुरडेलही, पण ते तुमच्या उत्तरांवर ठरतं. दूरस्थमध्ये खरी उणीव वेगळी आहे. तुमचं म्हणणं खोडून काढणारं समोर कोणी नसतं. त्यावर उपाय म्हणजे दोघं-तिघं मिळून आठवड्याला एक दिवस, एकच मजकूर. आमचा असा गट हिराचंद नेमचंद वाचनालयात वाचून झालं की बाहेर चहाच्या गाड्यावर भरायचा. एकाने मांडायचं, बाकीच्यांनी फाडायचं.

दूरस्थ *पीएचडी* मात्र चालत नाही. नोकरी सांभाळून अर्धवेळ करता येते, ती वेगळी गोष्ट (प्रश्न १४).

६. माझं सगळं शिक्षण मराठीत. इंग्रजीशिवाय तत्त्वज्ञानात निभाव लागेल का?

हा सगळ्यात जास्त आलेला प्रश्न, म्हणून सविस्तर.

मराठीत लिहिता येतं. महाराष्ट्रातल्या राज्य विद्यापीठांत मराठीत उत्तरपत्रिका आणि मराठीत प्रबंध ही नवलाई नाही. साधनंही आहेत : दे. द. वाडेकरांनी संपादित केलेला तीन खंडांचा मराठी तत्त्वज्ञान महाकोश, भाषा संचालनालयाचा परिभाषा कोश, आणि घरबसल्या फुकट वाचता येणारा मराठी विश्वकोश. तत्त्वज्ञ मे. पुं. रेगे यांचं लेखन वाचा, म्हणजे अवघड गोष्ट मराठीत किती स्वच्छ मांडता येते ते दिसेल.

वाचनाला मात्र इंग्रजी लागतंच. बोलता नाही आलं तरी चालेल, पण शब्दकोश घेऊन रोज दोन पानं वाचता आली पाहिजेत. १९६३ साली एडमंड गेटियर यांचा ज्ञानाच्या व्याख्येवरचा निबंध छापून आला. जेमतेम तीन पानांचा. त्यापासून सुरुवात करा. वाक्यं साधी आहेत, आणि त्या तीन पानांवर पुढे साठ वर्षं वाद चालला आहे.

आता खरी अडचण, जी कोणी सांगत नाही. मराठी माध्यमाच्या मुलाला इंग्रजी शब्द अडत नाहीत, ओळखीचे मराठी शब्द अडतात. गेटियर विचारतात, एखादं मत खरं आहे आणि त्याला पुरावाही आहे, तेवढ्यावर त्याला 'नॉलेज' म्हणायचं का? आपण 'ज्ञान' लिहून मोकळे होतो. पण न्यायदर्शनात (प्रमाणं आणि तर्क यांचा विचार करणारं भारतीय दर्शन) ज्ञान चुकीचंही असू शकतं. दोरीच्या जागी साप दिसला, तेही ज्ञानच, फक्त अयथार्थ. खऱ्या अनुभवाला नैयायिक 'प्रमा' म्हणतात. म्हणजे गेटियर यांचा वाद ज्याच्याशी ताडून बघायचा तो आपल्याकडे ज्ञानाचा नाही, प्रमेचा. तसा तो झालेलाही आहे : बाराव्या शतकात वेदान्ती श्रीहर्षाने खंडनखंडखाद्य या ग्रंथात प्रमेच्या व्याख्यांवर असेच आक्षेप घेतले.

दुसरा शब्द 'कारण'. जुन्या गिरणीच्या धुराड्यातून धूर येताना दिसला आणि तुम्ही म्हणालात, "धूर आहे या कारणाने आत आग असणार." आग धुराचं कारण आहे, आणि धूर तुमच्या म्हणण्याचं कारण. एकच शब्द दोन उलट दिशांना चालला. नैयायिकांनी दुसऱ्यासाठी 'हेतू' हा वेगळा शब्द ठेवला होता, पण आजच्या मराठीत हेतू म्हणजे उद्देश. प्रबंधात असा शब्द पहिल्यांदा येईल तिथेच तो कोणत्या अर्थाने वापरताय ते एका वाक्यात सांगा. निम्मे परीक्षक तिथेच खूश होतात.

एक अपवाद लक्षात ठेवा : नेटची (राष्ट्रीय पात्रता परीक्षेची, प्रश्न ८) तत्त्वज्ञानाची प्रश्नपत्रिका फक्त इंग्रजी आणि हिंदीत असते.

७. ५४.८ टक्के आहेत. ५५ धरतील का?

नाही. नेटच्या माहितीपत्रकात तर 'पूर्णांकात न करता' असं स्पष्ट लिहिलेलं असतं. श्रेणीसुधाराची संधी असेल तर आधी ती घ्या.

इथे प्रवर्गाची एक गुंतागुंत आहे. पीएचडी प्रवेशात अनुसूचित जाती, जमाती, नॉन-क्रीमीलेयर ओबीसी, दिव्यांग आणि ईडब्ल्यूएस, सगळ्यांना ५ टक्के सवलत मिळू शकते. नेटच्या पात्रतेत ५५ ऐवजी ५० टक्के चालण्याची सवलत ईडब्ल्यूएसला नाही. त्यामुळे ५२ टक्केवाला ईडब्ल्यूएस विद्यार्थी पीएचडीला पात्र, पण नेटला अपात्र, असं होऊ शकतं.

सीजीपीए असेल तर टक्केवारीत रूपांतर *तुमच्या* विद्यापीठाच्या सूत्राने करा आणि तसं पत्र परीक्षा विभागाकडून घेऊन ठेवा. मी इंटरनेटवरच्या सूत्राने आकडा काढून एका विद्यापीठाचा अर्ज भरला. छाननीत तो बाद झाला आणि एक वर्ष गेलं. पत्र मागायला गेले असते तर एका दुपारचं काम होतं.

८. नेट, सेट, पेट : नक्की काय द्यायचं?

पेट म्हणजे त्या-त्या विद्यापीठाची पीएचडी प्रवेश परीक्षा. निम्मे प्रश्न संशोधनपद्धतीचे, निम्मे विषयाचे, पात्रतेला ५० टक्के. पुढे लेखीला ७० आणि मुलाखतीला ३० असं वजन.

नेट वर्षातून दोनदा. तत्त्वज्ञानाचा विषय क्रमांक ०३. पहिला पेपर ५० प्रश्न, १०० गुण, दुसरा १०० प्रश्न, २०० गुण, मिळून तीन तास, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. जून २०२४ पासून निकाल तीन गटांत लागतो : जेआरएफसह (संशोधनासाठीची फेलोशिप) सहायक प्राध्यापक, सहायक प्राध्यापक आणि पीएचडी प्रवेश, आणि फक्त पीएचडी प्रवेश. दुसऱ्या-तिसऱ्या गटातले गुण पीएचडी प्रवेशासाठी एकच वर्ष चालतात. मुलं इथे फसतात. नेट निघाली म्हणून निवांत राहतात, आणि मार्गदर्शक मिळेपर्यंत वर्ष उलटतं. तिसऱ्या गटात नाव आलं तर प्राध्यापकपदाची पात्रता मिळत नाही, हेही बघून घ्या.

सेट महाराष्ट्र-गोव्यासाठी पुणे विद्यापीठ घेतं. ती प्राध्यापकपदासाठी आहे, तिच्यातून फेलोशिप मिळत नाही.

९. पीएचडीचा विषय एमएला असतानाच ठरवून ठेवावा का?

विषय नको, प्रश्न शोधा. फरक दाखवते.

अक्कलकोटकडचा एक मुलगा शीर्षक घेऊन आला : 'भारतीय तत्त्वज्ञानातील मोक्षसंकल्पना : एक चिकित्सक अभ्यास'. ('एक चिकित्सक अभ्यास' हे शेपूट मराठी प्रबंधांना का लागतं, यावर एक चिकित्सक अभ्यास व्हायला हवा.) मी विचारलं, यात तुला काय कळत नाहीये? तो म्हणाला, "मॅडम, सगळं वाचलंय." मग मी विचारलं, मोक्ष मिळाल्यावर 'मला मिळाला' असं म्हणायला कोणी उरतं का?

तो थांबला. हातातला चहा निवला. मग हळूहळू बोलायला लागला. जैनांकडे प्रत्येक मुक्त जीव वेगळा राहतो. अद्वैतात वेगळा जीव मुळातच नव्हता. आणि न्याय-वैशेषिकांकडे आत्मा राहतो, पण त्याला सुख नाही, दुःख नाही, जाणीवच नाही. "म्हणजे दगडच की, मॅडम!" मी म्हटलं, हेच श्रीहर्षाने नैषधीयचरित या काव्यात चार्वाकपक्षाच्या (नास्तिकांच्या) तोंडी घातलंय : दगडासारखी मुक्ती शिकवणाऱ्या मुनीचं, म्हणजे न्यायसूत्रकाराचं, गोतम हे नाव सार्थच आहे, गोतम म्हणजे बैलातला बैल. तो खो खो हसला, आणि मग गंभीर झाला. ज्यात मीच जाणीव होऊन उरणार नाही, असा मोक्ष मला हवासा का वाटावा? हा प्रश्न. त्याने एमएच्या प्रकल्पात एवढंच घेतलं : दुःख नसणं हे हवंसं असण्याला पुरेसं आहे का, यावर नैयायिक काय उत्तर देतात. पानं तीसच झाली, पण पेटनंतरच्या मुलाखतीत वीस मिनिटं तो त्यावर बोलला आणि समिती ऐकत बसली.

शीर्षक वाचून 'मग?' असं विचारता आलं आणि तुमच्याकडे उत्तर नसलं, तर तो अजून विषयच आहे.

१०. सोलापूरचाच एखादा विषय घेतला तर?

जरूर. आपण ज्यावर बसलोय ते आपल्याला दिसत नाही. ग्रामदैवत सिद्धरामेश्वर म्हटलं की आपल्याला गड्ड्याची जत्रा आणि नंदीध्वज आठवतात, पण ते बाराव्या शतकातले वचनकार, म्हणजे कानडी वचनं रचणारे संत आहेत. तलाव बांधणं आणि लिंगपूजा यांत मोठं काय, कर्म की ज्ञान, हा झगडा त्यांच्याभोवतीच्या शरण परंपरेत चाललेला दिसतो. बसवेश्वर आपल्या मंगळवेढ्यात राहिले. त्याच मंगळवेढ्याचे चोखोबा. सोलापूरच्या जैन संस्कृती संरक्षक संघाने जीवराज जैन ग्रंथमालेत मूळ जैन ग्रंथांच्या चिकित्सक आवृत्त्या काढल्या. सोमदेवाच्या यशस्तिलक या जैन काव्यग्रंथावरचा कृष्णकांत हंदिकी यांचा प्रसिद्ध ग्रंथ १९४९ साली या मालेतच आला. जगभरचे अभ्यासक तळटिपेत 'शोलापूर' लिहितात, आणि आपल्याला पत्ता नाही.

वचनांवर काम करायचं तर कानडी वाचता आलं पाहिजे. घरात बोलता तेवढं पुरत नाही, बाराव्या शतकातलं कानडी वेगळं. आणि धोका एकच : संताचं चरित्र आणि थोरवी लिहून काढली तर तो तत्त्वज्ञानाचा प्रबंध होत नाही. पुन्हा प्रश्न ९.

११. मार्गदर्शक कसा शोधायचा?

'शोधगंगा' या संकेतस्थळावर देशभरातले पीएचडी प्रबंध फुकट वाचता येतात. आपल्या आवडीच्या भागातले चार प्रबंध काढा, मार्गदर्शकांची नावं बघा आणि प्रबंध खरोखर वाचा. प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार विद्यार्थी घेता येतात, त्यामुळे जागा आहे का हे आधी विचारा. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी राहिलेल्यांना नवा विद्यार्थी घेता येत नाही. आदरणीय सरांच्या मागे वर्षभर हिंडून शेवटी हे कळलेली मुलं मी बघितली आहेत.

पहिलं पत्र एका पानाचं असावं. 'आपल्या चरणी' वगैरे नको. तुमचा प्रश्न काय, तुम्ही काय वाचलंय आणि त्यांच्या कोणत्या लेखाशी त्याचा संबंध आहे, तेवढं पुरे.

१२. पैशाचं काय? घरून मिळणार नाहीत.

जेआरएफ मिळाली तर १ जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये, पुढे एसआरएफला (वरिष्ठ फेलोशिपला) ४२,०००. वयोमर्यादा ३० वर्षं, मुलींना आणि राखीव प्रवर्गांना ५ वर्षं सवलत. राज्याच्या योजना प्रवर्गानुसार आहेत : अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा-कुणबी समाजासाठी सारथी, ओबीसी, भटके-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गासाठी महाज्योती. भारतीय तत्त्वज्ञान अनुसंधान परिषद खास तत्त्वज्ञानाच्या संशोधकांना फेलोशिप देते, आणि विषय छोटा असल्याने तिथे गर्दी त्या मानाने कमी.

फेलोशिपा पीएचडीच्या आहेत. एमएची दोन वर्षं शिष्यवृत्ती, शिकवण्या आणि घरच्यांची समजूत यांवरच काढावी लागतात. आणि फेलोशिप दर महिन्याला पगारासारखी येईल असं धरून खोली भाड्याने घेऊ नका. चार-सहा महिने थांबून एकदम येते.

१३. एवढं करून नोकरी लागते का?

खरं सांगू? तत्त्वज्ञानाच्या पूर्णवेळ प्राध्यापकाच्या जागा थोड्या आहेत आणि जाहिरात निघायला वर्षं लागतात. मधल्या काळात तासिका तत्त्वावर, म्हणजे सीएचबीवर, बरेच जण राबतात. सहायक प्राध्यापकपदाला संबंधित विषयातली ५५ टक्क्यांची एमए आणि नेट किंवा सेट ही किमान अट आहे. १ जुलै २०२३ पासून पीएचडीची सक्ती नाही. म्हणजे फक्त नोकरीसाठी पीएचडी करायची असेल तर आधी नेट-सेट काढा, ते स्वस्त पडतं.

अकरावी-बारावीला तर्कशास्त्र आणि तत्त्वज्ञान हे विषय आहेत. तिथे एमएसोबत बीएड लागतं. यूपीएससीला तत्त्वज्ञान हा वैकल्पिक विषय आहे, दोन पेपर, ५०० गुण, आणि अभ्यासक्रम आटोपशीर. त्यासाठी एमए करणारेही असतात. त्यांना मी अडवत नाही, फक्त वर्गात 'हे यूपीएससीला येतं का' असं दर तासाला विचारू नका.

१४. मी बँकेत आहे, वय ४५. उशीर झाला का?

पीएचडीला वयाची अट नाही. जेआरएफला आहे (प्रश्न १२), पण तुम्हाला पगार आहे. अर्धवेळ पीएचडीला कार्यालयाचं ना-हरकत प्रमाणपत्र लागतं, त्यात अभ्यासाला पुरेसा वेळ देऊ असं लिहून घ्यावं लागतं. कोर्सवर्क किमान १२ क्रेडिटचं असतं, तेवढी रजा शिल्लक ठेवा. एमए इग्नूमधून करा, दोनऐवजी चार वर्षांत पूर्ण करायची मुभा आहे. माझ्या ओळखीत चाळिशीनंतर सुरू केलेले लोक कमी सोडतात. त्यांना घाई नसते, आणि घरात मुलं दहावीला असली की सगळेच अभ्यासाला बसतात.

१५. माझी एमए संस्कृतमध्ये (किंवा मराठीत, मानसशास्त्रात) आहे. पीएचडी तत्त्वज्ञानात करता येईल?

विद्यापीठाच्या संलग्न विषयांच्या यादीवर अवलंबून आहे. संस्कृतला तत्त्वज्ञान जवळचं मानणारी विद्यापीठं आहेत. पण पुढचा विचार करा. नेट आपल्या एमएच्याच विषयात द्यायची असते, आणि प्राध्यापकपदाच्या छाननीत एमएचा विषय बघतात. एमए मराठी, पीएचडी तत्त्वज्ञान असा माणूस दोन्ही मुलाखतींत 'तुम्ही तिकडचे' ठरू शकतो. त्यापेक्षा दुसरी एमए करून घ्या. २०२२ पासून एक पदवी प्रत्यक्ष आणि दुसरी दूरस्थ अशा दोन एकाच वेळी करता येतात. पीएचडीसोबत मात्र ही मुभा नाही, म्हणून दुसरी एमए आधी उरका.

१६. एमफिल करून मग पीएचडी करू का?

एमफिल बंद झाली. जाहिरात दिसली तरी प्रवेश घेऊ नका. आधी मिळवलेली एमफिल वैध आहे.

१७. एमए पहिल्या वर्षानंतर सोडली. डिप्लोमा मिळाला. त्यावर पेट देता येईल?

नाही. नव्या रचनेत एक वर्षानंतर बाहेर पडलं की पदव्युत्तर पदविका मिळते, ती पीएचडीला पुरत नाही. गोंधळ होतो कारण चार वर्षांच्या पदवीनंतर 'एक वर्षाची एमए' असते. ती पूर्ण पदवी आहे, तुमची अर्धी वाट.

१८. लग्न ठरतंय. पीएचडी मध्येच सुटेल अशी भीती वाटते.

मुली हा प्रश्न शेवटी आणि हळू आवाजात विचारतात. नियम तुमच्या बाजूने आहेत. पीएचडीची मुदत सहा वर्षं, पुनर्नोंदणीने आणखी दोन, आणि महिलांना त्यावर आणखी दोन : एकूण दहापर्यंत. बाळंतपण आणि बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा. लग्नानंतर दुसऱ्या गावी जावं लागलं तर नोंदणी दुसऱ्या विद्यापीठात हलवायची तरतूदही आहे. हे सासरी बैठकीतच बोलून घ्या. देण्याघेण्याच्या याद्या होतात, त्यात एक ओळ ही.

१९. परदेशात पीएचडी करायची. इथली एमए उपयोगी पडेल का?

देशावर आहे. अमेरिकेत तत्त्वतः बीएवरून थेट पीएचडीला घेतात आणि निवड झाली तर शुल्कमाफीसह पाच-सहा वर्षांचा निर्वाहभत्ताही देतात, पण आपली तीन वर्षांची बीए काही विद्यापीठं पुरेशी धरत नाहीत. तिथे इथली एमए पूल होते. तिकडचेही बरेच जण आधी फक्त एमए देणाऱ्या विभागात दोन वर्षं काढतात. टफ्ट्स आणि जॉर्जिया स्टेट ही त्यातली प्रसिद्ध नावं. ब्रिटनमध्ये पीएचडीआधी बहुधा पदव्युत्तर पदवी लागतेच, ऑक्सफर्डची बीफिल ही नावाने बॅचलर असली तरी दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी आहे. तिथली पीएचडी तीन-चार वर्षांची, म्हणजे प्रश्न हातात घेऊनच जावं लागतं.

सगळीकडे पारडं फिरतं ते एका गोष्टीने : नमुना निबंध. साधारण पंधरा ते वीस पानं, इंग्रजीत, एकच युक्तिवाद. आपल्या एमएत तसं लिहून घेण्याची सवय कमी, नोट्स पाठ करण्याची जास्त. म्हणून प्रकल्प इंग्रजीत लिहा, शिक्षकांकडून तीनदा खोडून घ्या. शिफारसपत्रंही तेच शिक्षक लिहिणार आहेत, आणि तीन खोडलेले मसुदे बघितलेला माणूस 'विद्यार्थी मेहनती आहे' यापलीकडे काहीतरी लिहू शकतो.

२०. प्रबंध 'करून देणारे' आहेत, त्यांचा नंबर मिळाला. सगळेच करतात ना?

सगळे करत नाहीत. २०१८ च्या नियमांनुसार दुसऱ्यांच्या लिखाणाशी साम्य १० टक्क्यांपर्यंत चालतं, ४० पर्यंत प्रबंध दुरुस्ती करून द्यावा लागतो, ६० च्या वर नोंदणीच रद्द. आणि खुल्या तोंडी परीक्षेला तो माणूस तुमच्या जागी उभा राहत नाही.

२१. एमएचा निकाल लागायचाय. अर्ज आत्ता भरू की थांबू?

नेटचा भरा. शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना बसता येतं, फक्त नेटच्या निकालापासून दोन वर्षांच्या आत आवश्यक टक्केवारीने एमए पूर्ण झाली पाहिजे. पेटचं प्रत्येक विद्यापीठाचं वेगळं. काही ठिकाणी निकाल नसताना बसू देतात आणि मुलाखतीच्या दिवशी गुणपत्रिका मागतात. अशा वेळी परीक्षा विभागातून निकाल राखीव नसल्याचा कागद घ्यायला जाणार असाल तर सकाळी अकराच्या आत जा, जेवणाच्या सुट्टीनंतर खिडकीवर कोण असेल ते सांगता येत नाही.